डाव्या खांद्याचं चिलखत

जानेफळ, ११ नोव्हेंबर २०२४

राखी,

तुझी मापं माझ्याकडे आली आहेत. मी मागितली नव्हती.

हैदराबादला तू ज्या चित्रपटात काम करते आहेस, त्यातल्या नायिकेच्या चिलखताची चित्रं मी काढते आहे. तिच्या जागी उड्या मारणारी डबल तू आहेस हे मला कुणी सांगितलं नाही. चित्रकाराला नावं सांगत नाहीत, नुसती शरीरं पाठवतात. शुक्रवारी दोन फायली आल्या. एक नायिकेच्या अंगाच्या स्कॅनची, दुसरीवर फक्त 'डबल' लिहिलेलं. स्कॅनमध्ये माणूस राखाडी दिसतो, चेहरा मेणासारखा पुसट. मी मॉडेल पडद्यावर एकदा गोल फिरवलं आणि ओळखलं. तू अजून सगळा भार उजव्या पायावर टाकून उभी राहतेस. कबड्डीत चढाईला जायच्या आधी राहायचीस, तशीच. स्कॅनच्या यंत्रात सरळ उभं राहायला सांगतात. तुलाही सांगितलंच असेल.

तुझा नंबर मला लागत नाही. का लागत नाही ते माहीत आहे, म्हणून पत्र. पत्ता आईने दिला. आधी देत नव्हती.

आपण बहिणी आहोत हे या युनिटमध्ये कुणाला ठाऊक नाही आणि मी सांगणार नाही. तीन वर्षांपूर्वीच्या चित्रपटातली माणसं वेगळी होती. ते प्रकरण एकदाच लिहिते, म्हणजे दोघींच्या डोक्यात एकच गोष्ट आहे का ते कळेल. किल्ल्याच्या दरवाजावरून उडी होती. चिलखताची कॉलर उंच होती, दिग्दर्शकाला तशीच हवी होती. तू पाठीवर पडलीस तर तिची कड मानेत जाणार हे मला दिसत होतं. मी फाइट मास्टरला कळवलं. त्यांनी कॉलर बदलली नाही, तुला बदललं. एका पोराला विग घालून उडी मारायला लावली. त्याला काही झालं नाही. 'हिच्या घरून तक्रार येते' हे मात्र तुझ्या नावाला चिकटलं आणि वर्षभर तुला कुणी बोलावलं नाही. मुंबईची आपली खोली सोडताना तू म्हणालीस, "तू मले वाचवलं नाही. घरी बसवलं."

ती कॉलर चूक होती असं मला अजूनही वाटतं.

आई बरी आहे. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी मुंबईहून आले ती इथेच आहे. ती आता शेतात जाते, मेथी-पालक काढते, बाजारात बसते. माझी तिला गरज उरलेली नाही, पण काम इथूनही होतं. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे.

आता मुद्दा. तुझा डावा खांदा खाली आला आहे आणि पुढे झुकला आहे. गळ्याखालच्या हाडावर, मधोमध, उंचवटा आहे. स्कॅनमध्ये चूक असू शकते म्हणून मी फाईल पुन्हा मागवली. चूक नाही.

हे कधी झालं?

संजू

जानेफळ, २० नोव्हेंबर २०२४

राखी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलं नव्हतं.

मी आईला विचारलं. दुपारी ती ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. मी म्हटलं, "राखीच्या खांद्याले काय झालं?"

तिचे हात थांबले नाहीत. "कोनत्या खांद्याले?"

"डाव्या."

"मंग तुले ठाऊक आहे. मले काऊन इचारून राह्यली?"

मी लॅपटॉप बाहेर आणून तिच्यासमोर ठेवला. ती बराच वेळ पाहत बसली. "हे राखी आहे? अंगावर काही नाही वं तिच्या."

"घट्ट कपडे आहेत, आई. यंत्रात दिसत नाहीत."

तिने हात लुगड्याला पुसले आणि पडद्यावर तुझ्या खांद्यावर बोट ठेवलं. "हेच ते. इथंच." मग म्हणाली, "बारीक झाली."

त्यानंतर तिने सांगितलं. गेल्या पौषात तू घोड्यावरून पडलीस. मला डेंग्यू झालाय असं युनिटला कळवलंस आणि इकडे आलीस. डॉक्टरने ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी बसवा म्हटलं, तू नको म्हणालीस. "चिरा दिसला तं काम जाते म्हने," आई म्हणाली. "नुसता पट्टा बांधून बसली. केस बी मीच इचरून देत होती. हात वरच जात नव्हता तिचा."

महिनाभर तू इथे होतीस. मी तेव्हा मुंबईत होते आणि रोज आईला फोन करत होते. ती माझ्याशी थंडीचं बोलायची, तुरीच्या शेंगांचं बोलायची. मी तिला विचारलं, "मी फोन करायची तेव्हा राखी कुठे असायची?"

"इथंच. तू बसली तिथं."

"ऐकायची?"

"हाव. फोन ठेवला का इचारे, काय म्हणत होती."

मी लॅपटॉप आत नेऊन ठेवला. हे फक्त झालं तसं लिहिते आहे. तू आईला सांगू नको म्हटलं होतंस, तिने सांगितलं नाही. मला दिसलं, एवढंच. तिच्यावर रागावू नकोस.

आता मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत आहे. मी कुणाला कळवलेलं नाही. हाड वाकडं जुळलं असलं तर त्यावर वजन टेकलेलं चालत नाही एवढं मला वाचून कळलं. बाकी, हात किती वर जातो, कुठे दुखतं, हे स्कॅनमध्ये येत नाही.

संजू

जानेफळ, ३ डिसेंबर २०२४

राखी,

कामाचं सांगते. तुला घालायचं आहे, तेव्हा कसं ठरलं ते कळलेलं बरं.

एकाच चिलखताच्या दोन प्रती होणार. एक कडक, फायबरची, नायिकेसाठी, जवळून दिसण्यापुरती. दुसरी रबराची, वरून पोलादाचा रंग दिलेली, तुझ्यासाठी. रबर म्हणजे हलकं असं नाही. दिग्दर्शकाला खांदे हवे होते. पहिल्या दिवसापासून एकच वाक्य, पोस्टरवर माणसाचे खांदे दिसतात. आधीच्या चित्रकाराने काढलेले खांदे नांगरलेल्या ढेकळांसारखे दोन्ही बाजूंना उभे होते आणि त्यांनाच मागून टाचांपर्यंत केप लटकावलेली. म्हणजे तू तारेवर हवेत गेलीस की वारा केपेला ओढणार आणि केप खांद्यांना.

केप मी पहिल्याच आठवड्यात पाठीच्या मधल्या पट्टीवर आणली. भार कमरेच्या पट्ट्यावर जातो. 'कापड जास्त चांगलं फुगेल' असं कारण दिलं. ते खोटं नाही.

खांद्यांसाठी कारण सापडत नव्हतं. आमच्या कला दिग्दर्शक मंजुश्री म्हणून आहेत, पुण्याच्या, चांगल्या आहेत, पण घाईच्या. व्हिडिओ मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, "संजीवनी, डावा खांदा तू पुन्हा लहान केलायस. का?"

मी म्हटलं, "ती डावखुरी आहे. भाला डाव्या हाताने फेकते. खांद्यावर पोलाद असेल तर हात मागे जाणार नाही. म्हणून तिने स्वतःच तो खांदा उघडा ठेवलाय."

हे मी बोलता बोलता रचलं. पलीकडे दिग्दर्शकाने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. तो म्हणाला, "म्हणजे शत्रूला तिची कमजोर जागा दिसते. तिलाही माहीत आहे. तरी ती झाकत नाही." त्याने ते पटकथेत घातलं. नायिकेला तर फारच आवडलं, कारण कॅमेऱ्यात तिची डावी बाजू जास्त चांगली दिसते. तासाभरात सगळं मंजूर. मी चहा करून आईला दिला. तिने विचारलं, "आज काऊन हसून राह्यली?" मी हसत नव्हते.

काल त्या प्रसंगाची चित्रं आली, शॉटमागून शॉट काढलेली. ती गच्चीवरून पडते. आधी ती पाठीवर पडणार होती. आता उघडा खांदा सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे, म्हणून ती डाव्या कुशीवर पडते, त्याच खांद्यावर, आणि कॅमेरा जमिनीलगत आहे.

म्हणजे वजन मी काढलं आणि मार तिथेच आणला.

दोन रस्ते आहेत. खांदा पुन्हा जाड रबराने झाकायचा, म्हणजे पडताना आधार मिळेल, पण दिवसभर वजन त्या हाडावर बसेल. किंवा उघडा ठेवून आत पातळ पॅड, म्हणजे वजन नाही, पण मार जवळजवळ सगळा तुला. नायिकेच्या प्रतीवर खांदा उघडाच राहील. तुझ्या प्रतीत काही जाड झालं तर नंतर कॉम्प्युटरवर पुसता येतं, त्याची चिंता नाही.

वजन की मार, यातलं तुला काय झेपतं ते मला माहीत नाही. अंदाज करू शकते. करत नाही. अठरा तारखेला अंतिम चित्र वर्कशॉपला द्यायचं आहे.

आईजवळ सांगितलंस तरी चालेल.

संजू

जानेफळ, १६ डिसेंबर २०२४

राखी,

तुझं उत्तर मिळालं. तू मला दिलं असं तुला वाटत नसेल, पण मिळालं.

तू ऐकलंस त्यापेक्षा इथे थोडं जास्त घडलं, म्हणून लिहिते. सकाळपासून मी फाइट मास्टरला मेल लिहीत होते. डबलच्या डाव्या खांद्याला जुनी दुखापत आहे, पडण्याची बाजू बदला, एवढाच मजकूर. चार ओळींचा मेल, पण पुरा होत नव्हता. आई मिरच्यांचे देठ खुडत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचे हात तिखट होते, तिने कोपराने मला खूण केली. मी हिरवं बटण दाबलं, स्पीकर लावला आणि फोन पाटावर ठेवला.

तू म्हणालीस, "आई, संजू आहे का तिथं?"

"आहे ना. बसली आहे."

"तिले सांग, दोन्ही नको."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तिले इचार, मंग काय?"

"तिले सांग, झाक, पन टेकवू नको."

"काय टेकवू नको वं?" आईने विचारलं.

"तिले समजते."

मला समजलं होतं, पण खात्री करायची होती. मी म्हटलं, "आई, तिले इचार, पाठीवरून आनि दंडावरून धरलं तं चालते का? मधात हाडाले कुठंच लागनार नाही."

तुझ्या मागे कुणीतरी तेलुगूत ओरडत होतं. मग म्हणालीस, "चालते. पट्टा काखेतून घेऊ नको म्हना. काखेतून घेतला का हात सुन्न होते."

आई वैतागली. "मी काय टपाल आहो का तुमचं? दोघी एकाच फोनवर आहात, बोला ना तोंडानं."

आईने एक मिरची खुडून टाकली.

मग तू म्हणालीस, "आनि तिले सांग, मी फाइट मास्तरले सांगितलं. खांद्याचं. काल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आईनेच विचारलं, "काढून टाकलं का मंग तुले?"

"नाही अजून. पहिले चिडला. मंग म्हने, गादीवर डाव्या कुशीवर पडून दाखव. दाखवलं. चिलखत घालून पुन्हा पाहतो म्हने, मंग सांगतो."

"दुखलं का?"

"दुखते तं." मग थांबून, "तिले सांग, मी सांगितलं. तिनं नाही."

फोन तूच ठेवलास. आई म्हणाली, "आता तुमचं मिटलं का हे?" मी म्हटलं मला माहीत नाही. तिने मिरच्यांची परात उचलली आणि आत गेली. मी तो मेल काढून टाकला.

चिलखताचं असं केलं आहे. खांद्यावरचा रबराचा पत्रा पाठीच्या पट्टीला मागून जोडला आणि पुढून दंडाला पट्ट्याने धरला. मधे तो कमानीसारखा हाडावरून जातो. आत जाड फोम आहे, पण दंडाच्या बाहेरच्या बाजूला आणि खांद्यामागच्या फऱ्यावर. पडशील तेव्हा जमिनीला आधी फोम लागेल आणि मार पाठीकडे जाईल. कमानीखाली मोकळी जागा आहे. पट्टा काखेतून नाही, दंडाच्या वरून घेतला आहे.

संगणकात हे सगळं बरोबर दिसतं. संगणकात कुणी पडत नाही.

संजू

जानेफळ, ९ जानेवारी २०२५

राखी,

फिटिंगला तू होतीस, मी होते. तरी माझ्या बाजूने लिहिते.

मेहकरहून ट्रॅव्हल्सने हैदराबादला गेले. चित्रकाराला फिटिंगला बोलावतातच असं नाही. मीच मंजुश्रींना म्हटलं, नवीन जोड आहे, मला बघायचं आहे. वर्कशॉपमध्ये रबराचा वास इतका होता की डोळ्यांना पाणी येत होतं. तू आधीच पायांचं चिलखत चढवून उभी होतीस. केस कापलेत ते मला माहीत नव्हतं. मी आत आले तेव्हा तू सगळ्यांना केलंस तसं मलाही 'नमस्ते मॅडम' केलंस. मीही मान हलवली. मास्टर कोपऱ्यात खुर्ची उलटी करून बसले होते.

छाती आणि पाठ वर्कशॉपच्या माणसांनी चढवली. डाव्या खांद्याचं मी म्हटलं, मी लावते.

तू हात थोडा वर केलास. तो कानापर्यंत जात नाही हे मला तेव्हा कळलं. मी पत्रा पाठीला जोडला, पुढे आणला, कमान बसवली. खाली मोकळी जागा राहते का हे बघायला दोन बोटं आत घातली. जागा होती. बोटांना तुझं हाड लागलं. सुतळीच्या गाठीसारखं आहे. पडद्यावर मी ते कितीतरी वेळा मोजलं होतं.

मी विचारलं, "लागते का?"

तू म्हणालीस, "नाही."

"इथं?"

"तिथं थोडं."

मी फोमची कड कातरीने कापली. पुन्हा लावलं. "आता?"

"आता नाही."

एवढं आपलं बोलणं. नंतर मी दंडाचा पट्टा ओढला. रबर नवीन होतं, सरकत नव्हतं, म्हणून जोर लावला.

तू म्हणालीस, "काऊन वं, हात तोडतं का माहा?"

वर्कशॉपमध्ये सगळे आपल्याकडे बघायला लागले. त्यांना शब्द कळले नसतील, पण कुठलीही डबल चित्रकाराशी अशा आवाजात बोलत नाही. मंजुश्रींना शब्दही कळले. त्या म्हणाल्या, "तुम्ही ओळखता एकमेकींना?"

मी पट्टा धरून राहिले. ते तुझं सांगायचं होतं.

तू मास्टरांकडे बघून म्हणालीस, "बहन है मेरी. बड़ी वाली."

मी पट्टा एक घर सैल केला.

मग मास्टर उठले, तुला गाद्यांकडे घेऊन गेले. तू दोन फूट उंचीच्या खोक्यावरून पडलीस, मग टेबलावरून, मग माळ्यावरून. मी पहिल्या वेळी बघितलं. नंतर वर्कशॉपवाल्याला फोमचं काहीतरी विचारत राहिले, त्याने ते आधीच सांगितलं होतं. मास्टर परत येऊन म्हणाले, चालेल, पण उंची मी ठरवणार, दिग्दर्शक नाही. तू घाम पुसत होतीस.

निघताना मंजुश्री मला म्हणाल्या, "तुला खांद्याचं माहीत होतं. तो डावखुरेपणा वगैरे, त्यासाठीच होता. मला सांगायला हवं होतंस."

मी म्हटलं, "तिने मास्टरांना सांगितलं ना."

"मी तुझं विचारतेय."

"माझं सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं."

त्या एवढंच म्हणाल्या, भाला मात्र राहू दे, तो चांगला आहे.

तू जेवायला बोलावशील असं मला वाटलं होतं. तू बोलावलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. बस सहाला होती. आईने तुझ्यासाठी दिलेले तिळाचे लाडू वर्कशॉपच्या माणसाकडे ठेवले, ते मिळाले असतील.

संजू

जानेफळ, ४ फेब्रुवारी २०२५

राखी,

तू कालपासून घरात आहेस, तरी लिहिते आहे. काल स्टँडवरून घरापर्यंत आपण फोमबद्दल बोललो. रात्री जेवताना पट्ट्यांबद्दल. आई मधेच उठून गेली.

शूटिंगमध्ये तू गच्चीवरून पडलीस त्या दिवशीचं इकडचं तुला माहीत नाही. सकाळी आईने शेतात जायचं नाही असं ठरवलं आणि कारण सांगितलं नाही. मीही कामाला बसले नाही. दोघी मिळून तुरीच्या शेंगा सोलत बसलो, एवढ्या सोलल्या की शेजारच्या सिंधूताईंना द्याव्या लागल्या. दुपारी तू आईच्या फोनवर व्हिडिओ पाठवलास. शब्द एकही नाही. आईने तो उघडला आणि फोन माझ्याकडे दिला. "तू पाह्य पहिले."

मी पाहिला. गच्चीची कड, तू, केप. केप चांगली फुगते. तू हवेत जास्त फिरलीस, ठरल्यापेक्षा पाव वळसा जास्त. फऱ्यावर पडायचं होतं, सरळ खांद्याच्या टोकावर पडलीस. आवाज आला. माणसं धावली. मग व्हिडिओत नुसते पाय दिसतात आणि मग त्या पायांमधून तू उठून बसतेस, डावा हात पुढे-मागे फिरवून बघतेस आणि कुणाला तरी म्हणतेस, 'ठीक है'.

मी आईला म्हटलं, "पाह्य. काही नाही झालं."

तिने पाहिला नाही. ती आत जाऊन देवापाशी बसली आणि मग स्वयंपाकाला लागली.

नंतर मंजुश्रींकडून कळलं की कमानीचा पत्रा मागच्या जोडापाशी फाटला. तुला दुसरा लावून आणखी दोनदा पाडलं, ते दोन्ही बरोबर झाले, पण चित्रपटात पहिलाच ठेवणार आहेत. दिग्दर्शकाला तो खरा वाटला. मंजुश्रींनी जोड पक्का करायला सांगितला आहे. तो मी केला. पहिल्यांदाच तसा करायला हवा होता.

आज सकाळी मेहकरला एक्स-रे काढला. हाड जसं वाकडं जुळलं होतं तसंच आहे, नवीन काही नाही. डॉक्टरने पुन्हा ऑपरेशनचं काढलं. तू म्हणालीस पाहू. बाहेर येऊन एसटीची वाट बघताना तू मला सांगितलंस की मार्चमध्ये दुसरं काम आलं आहे, राजस्थानात, घोड्यावरचं. मी काय म्हणते ते बघत होतीस.

मी विचारलं, "किती तारखेले जाशील?"

तू म्हणालीस, "पंधरा."

एसटी आली. आपण चढलो. तू खिडकीशी बसलीस आणि थोड्या वेळाने म्हणालीस, "लाडू भेटले होते. वाटून खाल्ले." मग जानेफळ येईपर्यंत तुला डुलकी लागली. तुझं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हलले नाही. वळणं पुष्कळ होती.

एसटीत मला जे म्हणायचं होतं ते मी लिहायला बसले होते. घोड्यावर बसू नको, असं. ते लिहीत नाही. त्या कामाचं चिलखत कोण काढतंय ते विचार, म्हणजे त्या माणसाला मापं नीट पाठवता येतील. नाही विचारलंस तरी चालेल.

आतापर्यंतची पत्रं तू कुठे ठेवलीस, ठेवलीस का, हे मी विचारणार नव्हते. पण तू आत्ताच ओसरीवर आलीस. आई मागे परसात भांडी घासते आहे. तू दाराला टेकून विचारलंस, "काय लिहून राह्यली?"

मी म्हटलं, "पत्र."

"कोनाले?"

"तुले."

"मंग पोस्टात काऊन टाकतं? दे ना."

मी म्हटलं, पुरं व्हायचं आहे. तू म्हणालीस, जेवढं झालं तेवढं दे. हात पुढे करून उभी आहेस, म्हणून इथेच थांबते.

संजू